पुनरुत्थानाला पुरावा मागायचा की नाही?

दीपस्तंभ (चर्चाप्रस्ताव)

"श्रद्धेला पुरावा मागायचा नसतो" हे हल्ली ख्रिस्ती मंडळींच्याही तोंडून ऐकू येते. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि मला हे अजिबात पटत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (साधारण इ.स. ५५) ख्रिस्ताचा प्रेषित पौल स्वच्छ सांगतो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठवला गेला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. धर्माचा सगळा भार एका घटनेवर, मग साक्षी तपासणे आलेच. उठलेल्या ख्रिस्ताला पाहणारे साक्षीदारही तो सांगतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण (येशूचे शिष्य), एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू. त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, अशी पुस्तीही जोडतो. क्रूसावरच्या मृत्यूला तर बाहेरूनही दुजोरा आहे. ख्रिस्ती लोकांचा तिटकारा करणारा रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की सम्राट तिबेरियसच्या काळात रोमन सुभेदार पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला. पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियात सापडला. आपण पुराव्याला का भ्यायचे?

कसोटी

पिलात होता, येशू होता, क्रूसावर मेला. सगळे मान्य. त्यावरून मेलेला माणूस उठला हे कसे ठरते? आणि ती पाचशे जणांची साक्ष नव्हे. पाचशे जणांनी पाहिले असे सांगणाऱ्या एकट्या पौलाची ती साक्ष आहे. त्यांतल्या एकाचेही नाव नाही, जागा नाही, चारही शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत) या प्रसंगाचा उल्लेख नाही.

आता त्यांतले मार्काचे शुभवर्तमान पाहा. चौथ्या शतकातल्या सिनाईटिकस आणि व्हॅटिकनस या हस्तलिखितांत ते १६व्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबते. स्त्रिया थडग्यापासून थरथरत पळतात, कोणाला काही सांगत नाहीत, संपले. येशू दर्शन देतो ती पुढची बारा वचने तिथे नाहीतच. लूकच्या शुभवर्तमानातल्या जन्मकथेतही घोळ: येशूचा जन्म तो राजा हेरोदच्या काळात आणि सूरियाचा सुभेदार क्विरीनियच्या खानेसुमारीच्या वेळी सांगतो. पण हेरोद वारला इ.स.पू. ४ मध्ये, ती खानेसुमारी झाली इ.स. ६ मध्ये. एकच जन्म दोघांच्या काळात कसा बसवायचा?

दीपस्तंभ

खानेसुमारीची अडचण खरी आहे. तिची जी स्पष्टीकरणे दिली जातात ती मला ओढूनताणून आणलेली वाटतात. पण मार्काचे तसे नाही. सहाव्या वचनात "तो उठला आहे" हे आहेच, आणि पौलाचे पत्र मार्काच्या आधीचे. शिवाय पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा होता. येशूच्या हयातीत त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असे योहानच सांगतो. त्यांतला याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला. त्याला दगडमार झाल्याचे जोसेफस हा यहुदी इतिहासकार नोंदवतो. ही माणसे कशाने फिरली?

कसोटी

खऱ्या मनाने विश्वास ठेवला म्हणून फिरली. तेवढ्याने विश्वास खरा ठरत नाही. प्रत्येक धर्मात मरायला तयार माणसे सापडतात.

निरीक्षक

विज्ञानाचेही बोला. गॅलिलिओचा १६३३चा खटला सगळ्यांना पाठ असतो, लमेत्र मात्र कोणाला आठवत नाही. विश्व प्रसरण पावते हे १९२७ साली मांडणारा हा बेल्जियन, कॅथलिक धर्मगुरू. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी नव्या विश्वशास्त्रात निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा लमेत्रलाच ते रुचले नाही. आपला सिद्धांत त्याने धर्माच्या दाव्यांपासून अलग ठेवला. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

कसोटी

लमेत्रबद्दल सहमत. पण ट्युरिनच्या कफनाचे, म्हणजे येशूला ज्यात गुंडाळले असे मानतात त्या कापडाचे, काय झाले? १९८८ साली ऑक्सफर्ड, झ्युरिक आणि ॲरिझोना इथल्या प्रयोगशाळांनी कार्बन चाचणी केली, कापड १२६० ते १३९० च्या दरम्यानचे निघाले. लगेच नमुना चुकीच्या कोपऱ्यातला होता, आगीने परिणाम झाला, अशी कारणे सुरू झाली.

दीपस्तंभ

ती तारीख मला मान्य आहे, आणि माझा विश्वास त्या कापडावर कधीच नव्हता. पण नमुना कापून द्यायला चर्चनेच परवानगी दिली होती, हेही लिहा.

कसोटी

लिहितो, त्याचे श्रेय चर्चला आहेच. माझा प्रश्न मात्र पौलाच्या यादीचा होता. त्या पाचशेंपैकी एकाचे तरी नाव सांगा.

दीपस्तंभ

नाव कुठेच नाही. पौलाच्या यादीत केफा आणि याकोब मात्र नावानिशी आहेत, आणि पौल त्या दोघांना यरुशलेमात भेटला होता. पौलाचे गलतीकरांस पत्र, पहिला अध्याय, वचने १८ आणि १९. ते वाचा, मग पुढे बोलू.