मदत हवी आहे: कुंपणातली झाडी चराईबंदीने वाढली की पावसाने?

नमस्कार मंडळी. कोरड्या पट्ट्यातलं ४० हेक्टर चराऊ रान आहे. तीन वर्षांपूर्वी शेळ्या-गुरं बाहेर काढून कुंपण घातलं. एकही रोप लावलं नाही, तरी आज कमरेएवढी देशी झाडी उभी आहे.

ती आली जमिनीतूनच. कुंपण घालताना एक खुरटं झुडूप उकरून पाहिलं होतं. वर जेमतेम वीतभर, शेळ्यांनी कातरून कातरून उशीसारखं गोल केलेलं, आणि खाली मूळ मनगटाएवढं जाड! दरवर्षी फुटायचं, दरवर्षी खाल्लं जायचं. त्यामुळे "किती झाडं लावली?" असं कुणी विचारलं की मला उत्तरच देता येत नाही.

आता कार्बन क्रेडिटचं (झाडीने हवेतून घेतलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) बघतोय. तिथल्या माणसाने पहिलाच प्रश्न टाकला: ही वाढ चराई थांबवल्यामुळेच झाली कशावरून? तीनपैकी दोन वर्षं पाऊस चांगला होता. आधी राग आला. मग कुंपणापलीकडे नीट पाहिलं, तर तिथेही झाडी थोडी वाढलेली दिसली.

तर, पावसाचा वाटा वेगळा कसा काढायचा? एका बुडातून सात-आठ खोडं आलेली असताना मोजायचं काय? आणि मधल्या मोकळ्या जागांत रोपं लावू का?

प्रतिसाद १:
कुंपणापलीकडच्या झाडीला घाबरू नका, तुमचं मोजमाप तिच्यावरच उभं राहणार आहे. आत आणि बाहेर जोडीजोडीने प्लॉट आखा. माती तीच, उतार तोच, मोजणीही एकाच महिन्यात. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो, म्हणून वाढीतला जो फरक उरेल तेवढाच तुमचा. जुनी उपग्रह चित्रं मिळवून मागच्या ओल्या-कोरड्या वर्षांत झाडी कशी वरखाली झाली तेही पाहा.

तुम्हाला विचारलेला प्रश्न काही नवा नाही. ऑस्ट्रेलियात अशा नैसर्गिक पुनर्वाढीला क्रेडिट देणारी पद्धत २०१३मध्ये आली आणि २०२३मध्ये नव्या प्रकल्पांसाठी बंद झाली. तिथे जंगल म्हणजे किमान ०.२ हेक्टर जागा, दोन मीटर किंवा त्याहून उंच झाडं आणि २० टक्के पर्णछत्र, म्हणजे फांद्या-पानांनी झाकलेली जमीन. संशोधकांची मुख्य टीका हीच होती की रखरखीत भागात झाडीची वाढ-घट चराईपेक्षा पावसाच्या मागे जास्त जाते.

एक विचारायचं राहिलं. बाहेर काढलेली जनावरं आता कुठे चरतात?

प्रतिसाद २:
बहुखोडी झुडपांना छातीच्या उंचीवर मोजण्यात अर्थ नाही. जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर प्रत्येक खोडाचा व्यास घ्या, वर्गांची बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. तो त्या झुडपाचा एकत्रित व्यास. मग लहान-मोठी काही झुडपं तोडून, वजन उतरायचं थांबेपर्यंत ओव्हनमध्ये सुकवून, व्यास आणि कोरड्या वजनाचं सूत्र बसवा. जिवावर येतं, पण दुसऱ्याच जातीचं सूत्र उसनं घेण्यापेक्षा बरं. कोरड्या वजनात कार्बन साधारण ०.४७. कार्बनला ३.६७ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एक टन सुक्या लाकडामागे सुमारे १.७ टन.

पण ते मनगटाएवढं मूळ! नेहमीचं गणित वरच्या वजनावरून मुळांचं वजन धरतं. तुमचं मूळ कुंपणाआधीच तिथे होतं, ते नवीन साठ्यात धरू नका.

रोपं लावायची घाई नको. नायजरमध्ये १९८०च्या दशकापासून शेतकऱ्यांनी जुन्या बुंध्यांचे फुटवे राखून सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडी परत आणली, त्यात लागवड जवळपास नव्हतीच. मोकळ्या जागांत आधी उकरून पाहा. बुंधे-मुळं काहीच नसतील आणि जुनं, खोल मुळांचं गवत असेल, तर ते मुळात गवताळच रान असेल. तिथला कार्बन मातीत आहे. खड्डे खणून तो हलवू नका.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. मुळाचं डोक्यातच आलं नव्हतं, आकडा चांगलाच खाली येणार.

आणि जनावरांचं विचारलंत. माझ्याच शेळ्या, कुंपणापलीकडेच चरतात. म्हणजे बाहेरची झाडी आता आधीपेक्षा जास्त खाल्ली जातेय, आणि आतली तिच्याशेजारी उगाच भरघोस दिसतेय. माझ्या शेळ्या पोहोचत नाहीत असं रान शोधून बाहेरचे प्लॉट तिथे आखतो.