मार्चअखेर गुलमर्ग, स्नोबोर्डिंग पहिल्यांदाच : पुण्यातून काय न्यावं, तिथे काय भाड्याने घ्यावं? मदत हवी आहे

कोथरूडची_मावशी

नमस्कार मंडळी,

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा भाचा गुलमर्गला चाललोय आणि दोघांनाही स्नोबोर्डिंग शिकायचंय. स्की नाही, स्नोबोर्डच. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ताडमाड उंच आणि पायात ११ नंबरचा बूट. मी पंचेचाळिशी ओलांडलेली, चष्मा आहे, रविवारचा सिंहगड चुकत नाही त्यामुळे दमसास ठीक आहे, पण बर्फावर उभं राहायची सवय दोघांनाही नाही. विमानाची तिकिटं झालीत, राहायचं ठरलंय, अडलंय ते सामानावर.

पहिला प्रश्न हाच की मार्चअखेर बर्फ शिकण्यासारखा असतो का? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं पडलं होतं ते फोटो सगळ्यांनीच बघितलेत, २०२५ ला तर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणजे मार्चमध्ये मिळतो असं दिसतंय, पण तो कसा असतो, ओला की कडक, आणि त्याप्रमाणे कपडे बदलतात का, हे नीट सांगणारं कोणी भेटत नाहीये. घरात ज्याला विचारावं तो म्हणतो जाड स्वेटर घे. जाड स्वेटर आहेतच हो, दर हिवाळ्यात तिबेटी लोकांकडून एक तरी घेतला जातोच, पण स्वेटर घालून बर्फात लोळायचं म्हटल्यावर दुपारी तो पिळून वाळत घालावा लागेल असं मला वाटतंय.

कपड्यांचं म्हणाल तर आमच्या दोघांकडे पावसाळी ट्रेकची चांगली जॅकेटं आहेत, आतून शिवणींवर टेप मारलेली, राजमाची आणि हरिश्चंद्रगडाचा पाऊस खाल्लेली. ती चालतील की स्कीचं जाड जॅकेट घ्यायलाच हवं? इथल्या एका मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात गेलो होतो, तिथे थर्मल, मोजे, स्कीची पँट असं सगळं आहे पण स्नोबोर्डचे बूट नाहीत आणि तिथल्या मुलाला बोर्डबद्दल काही सांगता येईना. पँटवर ५,०००, १०,००० असे आकडे लिहिलेत, किमतीत बराच फरक आहे, कोणती पुरेल?

आणि बूट. भाच्याचं म्हणणं की बोर्ड, बाइंडिंग (बूट बोर्डला पक्के करायचे पट्टे), बूट सगळं ऑनलाइन मागवू, पुढच्या वर्षी परत जाऊच. मला ते पटत नाहीये, पण ११ नंबर तिथे भाड्याने मिळेल का ही धास्ती मलाही आहे. माझ्या चष्म्याचं काय करायचं, तेही सांगा. लेन्स मला सोसत नाहीत.

बजेट अगदी टाइट नाही, पण वर्षभर माळ्यावर पडून राहील अशी वस्तू नको. जाणकारांनी प्लीज सविस्तर लिहा, आमच्याकडे अजून पाच आठवडे आहेत.

दाणेदार_बर्फ

मावशी, छान बेत आहे. मी पुण्याचाच, गुलमर्गला स्नोबोर्ड शिकलो आणि तेव्हापासून जमेल तसं जात असतो, त्यामुळे जरा लांब लिहितोय.

मार्चअखेरचा बर्फ आणि जानेवारीचा बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्चमध्ये दिवसा ऊन कडक असतं, वरचा थर वितळतो, रात्री तोच परत गोठतो, असं रोज होत होत बर्फाचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे दाणे तयार होतात, जाड्या रव्यासारखे. त्याला कॉर्न स्नो म्हणतात आणि नवशिक्याला याच्यासारखा बर्फ नाही, बोर्ड वळतो, पडलं तर लागत नाही. पण तो दिवसातून दोन-तीन तासच तसा असतो. सकाळी लवकर गेलात तर खाली अक्षरशः फरशी असते, बोर्डची एज, म्हणजे धारेची कड, धरत नाही आणि पडल्यावर माकडहाडाचे हाल होतात. दुपारनंतर त्याचा चिखल होतो, बोर्ड रुततो, पाय थकलेले असतात. म्हणून पहाटे उठून पहिल्या गोंडोल्यासाठी (तिथली केबल कार) पळू नका, पोटभर नाश्ता करा, ऊन उतारावर आलं की सुरू करा, पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी मऊ होतो, आणि दुपारी बर्फ पायाखाली पचपच करायला लागला की सरळ थांबा. गावातले खालचे उतार त्या सुमाराला जागोजागी उघडे पडलेले असू शकतात, मग शिक्षक तुम्हाला गोंडोल्याच्या पहिल्या टप्प्यावर कोंगडोरीला नेतील, ते साधारण ३,००० मीटरच्या वर आहे, तिथे बर्फ जास्त टिकतो.

आता कपडे. तुमचा अंदाज बरोबर आहे, थंडीपेक्षा ओलं होणं हा खरा शत्रू आहे. आणि स्नोबोर्ड शिकणारा माणूस सगळ्यात जास्त काय करतो तर बसतो. बाइंडिंग लावायला बसतो, पडला की बसतो, दम खायला बसतो, टो एज, म्हणजे बोटांकडची कड, शिकताना गुडघ्यांवर असतो. त्यामुळे पैसे जॅकेटवर नाही, पँटवर आणि ग्लोव्ह्जवर घाला. पँटवरचा तो ५,०००-१०,००० चा आकडा म्हणजे कापड पाण्याच्या किती मिलिमीटर उंच स्तंभाचा दाब सोसतं ते. नुसत्या पावसाला ५,००० निभावून नेतं, पण ओल्या बर्फात बसलं की अंगाच्या वजनाने पाणी आत ढकललं जातं, तिथे १०,००० च्या खाली जाऊ नका. शिवणी पूर्ण टेप केलेल्या आहेत का ते पँट उलटी करून बघा, निदान बुडाच्या आणि गुडघ्याच्या तरी. आत जाड अस्तर नको, मार्चमध्ये उकडतं. मांडीच्या बाजूला हवा जायला चेन असेल तर उत्तमच.

पावसाळी जॅकेट चालेल, खरंतर तेच बरं. फक्त ते अजून पाणी झटकतं का ते आज घरी बघा. बाही नळाखाली धरा. पाण्याचे मणी होऊन घरंगळले तर ठीक, कापड गडद होऊन पाणी शोषायला लागलं तर वरचं कोटिंग गेलंय. मग ते ट्रेकिंगच्या कपड्यांसाठी मिळणाऱ्या लिक्विडने धुवा, नंतर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारा. साधी पावडर नको आणि कम्फर्ट तर अजिबात नको. पीव्हीसीचा रेनकोट मात्र कुणी न्यायचा म्हटला तर नेऊ देऊ नका, आतल्या घामानेच माणूस भिजतो.

आतमध्ये एक थर्मल, मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं, त्यावर पातळ फ्लीस, बस. ऊन चढलं की फ्लीस काढून पिशवीत. कॉटन कुठलंच नको, बनियनसुद्धा नाही, एकदा ओलं झालं की वाळत नाही आणि अंग गार करत राहतं. स्वेटर संध्याकाळी हॉटेलात घाला.

बोर्ड-बाइंडिंग भाड्यानेच घ्या. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो चेक-इन सामान नेता येतं, त्यात बोर्ड, बाइंडिंग, बूट धरून ६-७ किलो तिथेच गेले. शिवाय शिकल्यावर आवड बदलते, आत्ता घेतलेला मऊ बोर्ड वर्षा-दोन वर्षांनी नकोसा होतो. बुटांचं मात्र भाच्याचं थोडं बरोबर आहे. काही विकत घ्यायचंच असेल तर बूट. मापाचे नसतील तर टाच आत उचलली जाते आणि मग गुडघे वाकवले तरी बोर्डला काही कळत नाही. स्नोबोर्डच्या बुटांचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजायचं. घातल्यावर सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की ती किंचित मागे आली पाहिजेत आणि टाच जागेवरून हलता कामा नये. मोजा एकच, लोकरीचा, नडगीभर लांब. थंडी म्हणून दोन-दोन चढवले की आत घडी पडते, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

११ नंबरला आणखी एक गोष्ट बघावी लागते, बोर्डची रुंदी. बूट बोर्डच्या कडेबाहेर जास्त आला की वळताना बोर्ड तिरका झाल्यावर बुटाचं टोक बर्फाला घासतं आणि माणूस फेकला जातो. भाच्याला वाइड बोर्ड मागायला सांगा. स्कीच्या मानाने तिथे स्नोबोर्डचं सामान कमी असतं, त्यामुळे आत्ताच शिक्षकाला किंवा दुकानाला फोन करून दोघांची उंची, वजन, पायाचं माप कळवून ठेवा. लांबी साधारण हनुवटी ते नाकाच्या मधली, पण वजन जास्त महत्त्वाचं. बोर्ड हातात आला की नख एजवर आडवं, अगदी हलकं ओढा, नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे, सकाळच्या कडक बर्फावर ती लागतेच. आणि तळाला वॅक्स केलंय का विचारा, तेही उबदार तापमानाचं, नाहीतर दुपारच्या ओल्या बर्फात बोर्ड मधेच ब्रेक लागल्यासारखा थांबतो.

बाणेर_बायपास

वरच्या प्रतिसादाला +१. चष्म्याचं मी सांगते, मलाही आहे. चष्म्यावरून घालायचे स्की गॉगल वेगळे मिळतात, त्यांना ओटीजी म्हणतात, फ्रेमच्या दांड्यांसाठी बाजूला फोममध्ये खाच असते. दुकानात स्वतःचा चष्मा घालूनच ट्राय करा आणि हेल्मेटही सोबत घाला, कारण कपाळावर हेल्मेट आणि गॉगलमध्ये फट राहिली तर तेवढीच पट्टी भाजते. काच कॅटेगरी ३ ची घ्या, ती ८ ते १८ टक्केच प्रकाश आत येऊ देते, मार्चच्या उन्हाला तीच हवी. गॉगल कपाळावर सरकवून ठेवायची सवय लावू नका, घामाची वाफ आत बसते आणि मग दिवसभर धुकं.

सनस्क्रीनला हलक्यात घेऊ नका प्लीज. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, म्हणजे सिंहगडाच्या दुप्पट उंची. दर १,००० मीटरला अतिनील किरणं १० टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. त्यामुळे नाकाच्या खालून, हनुवटीखालून, कानाच्या पाळ्यांना सुद्धा लावायचं, दर दोन तासांनी परत. ओठांना एसपीएफवालं बाम.

आणि हो, फोन पोस्टपेड असू द्या, बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. गुलमर्गच्या वाटेवर खाली टंगमर्गला गाडी थांबवून गमबूट आणि फरचे कोट भाड्याने घ्या म्हणून मागे लागतील, तुमच्याकडे स्वतःचे कपडे असतील तर काहीही घ्यायची गरज नाही, नम्रपणे नाही म्हणा.

दाणेदार_बर्फ

हेल्मेट राहिलंच होतं. ते हवंच, भाड्याने मिळालं तरी डोक्याला नीट बसतंय का, पट्टा बंद न करता मान हलवल्यावर ते डोक्यासोबत हलतंय का ते बघा. सायकलचं हेल्मेट नको.

आणखी एक, हे मी मनापासून सांगतोय. भाचा तरुण आहे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी जरा जमायला लागलं की अफरवट डोंगरावर, गोंडोल्याच्या दुसऱ्या टप्प्यावर जाऊन तिथून खाली येऊ म्हणेल. येऊ देऊ नका. वर ३,९०० मीटरच्या पुढे मोकळा डोंगर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. ही माणसं पहिल्यांदा बर्फ बघणारी नव्हती. वसंतात दुपारच्या उन्हाने ओला झालेला थर आपल्याच वजनाने सुटतो, त्याला कुणाचा पाय पडायचीही गरज लागत नाही. वर जरूर जा, बघण्यासारखं आहे, पण गोंडोल्यानेच जा आणि गोंडोल्यानेच या. तिकीट आधी ऑनलाइन काढा, वारा असला की दुसरा टप्पा बंद ठेवतात.

कोथरूडची_मावशी

दोघांचे खूप खूप आभार, इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. काल रात्रीच दोन्ही जॅकेटं नळाखाली धरली. भाच्याच्या बाहीवरून पाणी घरंगळलं, माझ्या जॅकेटच्या खांद्यांवर मात्र सॅकचे पट्टे घासतात तिथे दोन गडद डाग पडले, बाकी ठीक. म्हणजे माझंच धुवायचंय. भाच्याचा पाय मोजला, २९.५ सेंमी भरला. शिक्षकाला फोन केला, तो म्हणाला वाइड बोर्ड ठेवतो पण एवढ्या मापाच्या बुटांची खात्री देत नाही, मग भाच्यापुरते बूट घ्यायचे असं ठरलंय, माझे तिथेच. पँट दोघांना १०,००० वाली.

एक राहिलं. वाचताना सगळीकडे असं दिसतंय की शिकताना मनगट मोडण्याचं प्रमाण स्नोबोर्डमध्ये सगळ्यात जास्त. मला दिवसभर कीबोर्ड बडवायचा असतो, त्यामुळे याची काळजी वाटते. स्केटिंगचे मनगटाचे गार्ड भाच्याकडे आहेत, ते ग्लोव्ह्जच्या आत बसतील का बाहेरून घालायचे?

बाणेर_बायपास

स्केटिंगचे तळव्याकडे जाड प्लास्टिकचे असतात, आत बसायचे नाहीत. ग्लोव्ह्ज एक माप मोठे असतील तर बघा, नाहीतर स्नोबोर्डचे पातळ गार्ड मिळतात ते आतून घाला. पूर्ण ग्लोव्ह्जऐवजी चार बोटं एकत्र असलेले मिटन घेतलेत तर जागाही मिळते आणि हात गरम राहतात. माकडहाडासाठी पॅड लावलेली शॉर्ट पण घ्या, थर्मलवर घालायची, म्हणून पँट ट्राय करताना ती घालूनच करा.

आणि पडायचं कसं ते घरी गादीवर करून बघा. पुढे पडताना मुठी मिटून कोपरापासून पुढचा हात टेकवायचा, तळवा कधीच नाही. मागे पडताना हनुवटी छातीला, हात पोटाशी, आणि खाली बसत बसत पाठीवर गोल लोळायचं. पाच आठवडे आहेत, रोज थोडं करा दोघं.