हा पट चौदाव्या लुईचाच होता, हे कशावरून ठरवतात?

सीनकाठचा:
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आई-बाबा पॅरिसला आले होते. त्यांना तिथल्या गोबलँ कारखान्याच्या जुन्या टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर लावायचे चित्र विणलेले पट, दाखवायला नेलं. 15 ऑक्टोबर 1667 रोजी फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः कारखाना बघायला आला, त्या प्रसंगाच्या पटापुढून बाबा हलेनात. ते सोलापूरच्या गिरणीत मागखात्यात होते. त्यांनी विचारलं, "हेच चित्र पुन्हा पुन्हा विणलंय म्हणतात, मग यातला राजाचा पट कुठला हे कळतं कसं?" मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत आहे का?

येवल्याची लेक:
बाबांना माझा नमस्कार सांगा. मागावर काम केलेला माणूसच असं विचारणार. मी पैठणी विणणाऱ्या घरातली, आणि जुन्या कापडांच्या डागडुजीचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खरा पुरावा वहीत असतो. लुईच्या जामदारखान्यात पटांना क्रमांक देऊन नोंद व्हायची: विषय कोणता, लोकर-रेशीम आहे की जर, किनार कशी, लांबी-उंची किती 'ओन'. एक ओन म्हणजे साधारण 1.19 मीटर. या याद्या 1885-86 मध्ये छापल्या गेल्या, त्यामुळे आज पडताळता येतात. पटामागच्या अस्तरावर तोच क्रमांक सापडला तर फारच उत्तम. पण अस्तर फाटतं, बदललं जातं. मग माप, किनार आणि काठावर विणलेलं कारखानदाराचं नाव बघायचं, उदाहरणार्थ जान्स.

लिलीच्या फुलांवर, म्हणजे फ्रान्सच्या राजांच्या चिन्हावर, मात्र विसंबू नका. लोक त्यांनाच आधी भुलतात. राजा असे पट परदेशी दरबारांना भेट द्यायचा, आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतर काही पटांवरची राजचिन्हं कापूनही काढली. मला एकाने 'शाही' म्हणून एक पट दाखवला होता. उलटा केला, तर लिलीभोवती चारी बाजूंनी टाके. चौकोनी तुकडा दुसऱ्या कापडातला आणून बसवलेला! मागची बाजू बघितल्याशिवाय मी कुणालाच काही सांगत नाही. उजेड न लागल्याने मूळ रंगही तिथेच टिकतात.

आता बाबांचा प्रश्न. 'राजाचा इतिहास' या मालिकेत 14 पट, आराखडे राजाचा चित्रकार शार्ल ल ब्रं याचे. पहिला संच उभ्या मागावर, सोन्याची जर घालून विणला. पुढे आडव्या मागावर पुन्हा विणले. आडव्या मागात नमुना ताण्याखाली असतो आणि विणकर उलट बाजूने विणतो, म्हणून चित्र डावं-उजवं उलटं येतं. राजा कोणत्या बाजूला उभा आहे, एवढ्यावरूनही पुष्कळ कळतं.

त्या पटात कामगार चांदीची भलीमोठी भांडी उचलून आणताना दिसतात ना? व्हर्सायमधलं तसलं चांदीचं सामान लुईने 1689 मध्ये युद्धखर्चासाठी वितळवलं. ती भांडी कशी दिसत होती, हे आज असल्या पटांवरूनही कळतं. आणि 1797 मध्ये सरकारने राजघराण्याचे जरीचे कितीतरी पट सोन्या-चांदीसाठी जाळले. आधीचा राजा पहिला फ्रान्सिस याचा, राफाएलच्या चित्रांवरून विणलेला संचही त्यात गेला. हे वाचलं तेव्हा मला दोन दिवस कामात लक्ष लागेना.

भटके पंत:
मालकीची साखळी न तुटलेली बघायची असेल तर माल्टाला जा. वॅलेट्टाच्या राजवाड्यातल्या सभागृहात 'इंडीज' नावाचे गोबलँचे पट आहेत. तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या नाइट्सचा प्रमुख, ग्रँडमास्टर पेरेयोस, याने मागवले, 1708 ते 1710 मध्ये विणले, आणि ज्या दालनासाठी विणले तिथेच आजही आहेत. नावावरून आपला देश समजू नका. मूळ चित्रं डच चित्रकारांनी ब्राझीलमध्ये केलेल्या कामावरून आली.

सीनकाठचा:
ताई, बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते विचारतात, दोन रंग शेजारी आले की पैठणीसारखे धागे एकमेकांत अडकवतात का?

येवल्याची लेक:
नाही, तोच फरक. पैठणीत दोन रंगांचे बाणे एकमेकांत गुंततात, म्हणून फट राहत नाही आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. गोबलँमध्ये रंग जिथे सरळ उभे भेटतात तिथे बारीक फट सुटते, ती नंतर सुईने शिवतात. जुन्या पटात हीच शिवण आधी उसवते. तुम्ही काढलेले फोटो मोठे करून राजाच्या कपड्यांच्या कडा बघायला सांगा बाबांना.

सीनकाठचा:
सापडली! आईचा चष्मा लावून बघत होते, राजाच्या बाहीच्या कडेला शिवण दिसली. आता त्यांना पटाची मागची बाजू बघायची आहे.