मागच्या पगाराची स्लिप नव्या कंपनीला का दाखवायची?

निवांत_नाही

नोकरी शोधण्यातल्या वैतागाची यादी करायला बसलो तर धागा संपायचा नाही. रेझ्युमे अपलोड करा आणि मग त्यातलंच सगळं पुन्हा वीस रकान्यांत टाइप करा. तिसरा राउंड चांगला झाला की एचआर गायब. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका, पुढे काही नाही. हे आता अंगवळणी पडलंय. माझं भांडण एकाच प्रश्नाशी आहे, जो फोनवर नावानंतर लगेच येतो: "करंट सीटीसी किती?" म्हणजे सध्याची कंपनी तुमच्यावर वर्षाला एकूण किती खर्च करते.

मला काय येतं हे त्यानंतर. कधी कधी त्यानंतरही नाही.

आकडा सांगितला की त्यावर २५-३० टक्के चढवायचे, झाली ऑफर तयार. म्हणजे माझा पगार नवी कंपनी ठरवतच नाही, तो माझ्या पहिल्या कंपनीने कॅम्पसमध्येच ठरवून टाकलाय. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचं फ्रेशर पॅकेज वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकलेलं आहे. समजा एक जण तिथे लागला आणि त्याच्याच वर्गातला दुसरा एखाद्या प्रॉडक्ट कंपनीत १२ लाखांवर. मधली इन्क्रिमेंट सोडून द्या. दोन वर्षांनी दोघं एकाच कामासाठी एकाच ठिकाणी आले आणि दोघांनाही ३० टक्के वाढ मिळाली, तर एकाला ४.५५ लाख, दुसऱ्याला १५.६०. साडेआठ लाखांचं अंतर अकरा लाखांच्या वर गेलं, आणि टक्का सारखा म्हणून वर न्यायही झाला!

मी उलटं विचारलं, या पदाला बजेट किती, तर उत्तर "ॲज पर कंपनी स्टँडर्ड्स". शेवटी तीन महिन्यांच्या पे स्लिप आणि फॉर्म १६ मागणार. माझ्या सध्याच्या ऑफर लेटरमध्ये लिहिलंय की पगाराची माहिती बाहेर सांगायची नाही. नवी कंपनीही तेच लिहून घेणार आहे. पण आधी दुसऱ्याकडची माहिती तिला हवी.

हडपसरचा फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईक विचारतं का, तुम्ही कितीला घेतला होता?

रावसाहेब_पुणे३०

विचारायची गरजच नाही. नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा निघतो, त्यात किंमत असते. मी काढूनच बोलणीला बसतो.

निवांत_नाही

रावसाहेब, पण त्याच साइटवर शेजारचा फ्लॅट कितीला गेला हेही दिसतं, आणि ते मलाही दिसतं. कंपन्यांनी तेवढं करावं, मी स्लिप फ्रेम करून पाठवतो.

टीए_मधली

मी खराडीत रिक्रूटमेंटमध्ये आहे, त्यामुळे शिव्या खायला बसलेच आहे, खाऊन घेते.

पहिली गोष्ट, आम्हाला आकडा हवा असतो तो तुम्हाला लुटायला नव्हे. पदाला बँड असतो, म्हणजे पगाराची ठरलेली रेंज. बँड १४ ते १८ असेल आणि तुम्ही आत्ताच २२ वर असाल, तर पाच राउंड घेऊन काय उपयोग? तुमचाही वेळ जातो, पॅनेलवरच्या लोकांचाही. आधी विचारलं की दोन मिनिटांत विषय संपतो.

दुसरी, स्लिप का? कारण सीटीसी ही प्रत्येक कंपनीची आपापली कविता असते. कुणी त्यात ग्रॅच्युइटीचे म्हणून बेसिकचे ४.८१ टक्के धरतं, जी पाच वर्षं काढल्याशिवाय हातात येत नाही. कुणी इन्शुरन्सचा हप्ता धरतं, कुणी व्हेरिएबल शंभर टक्के मिळणारच असं धरतं. माणूस "माझे अठरा" म्हणतो आणि फिक्स्ड निघतात तेरा.

तिसरी, जी तुमच्याकडे कुणी बोलत नाही. फोटोशॉप केलेल्या स्लिप. नावापुरत्या कंपन्यांची अनुभवपत्रं. व्हिडिओ इंटरव्ह्यूत ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा. आणि सगळं खरं असलेला उमेदवार ऑफर घेतो, आम्ही ९० दिवस त्याच्यासाठी जागा अडवून ठेवतो, आणि जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद. आमची ऑफर त्याने दुसरीकडे दाखवून तिथून दोन लाख जास्त काढलेले असतात. उत्तर न देणारी एचआर तेवढी सगळ्यांना दिसते.

निवांत_नाही

तुम्ही येऊन लिहिलंत हे आवडलं, म्हणून मुद्द्यावरच बोलतो.

बँड १४ ते १८ आहे हे तुम्हीच सांगा ना. २२ वाला आपोआप "नको" म्हणेल. दोन मिनिटंही लागणार नाहीत.

अनुभव खोटा असेल तर पीएफच्या यूएएन नंबरवर सर्व्हिस हिस्टरी दिसते, कुठे कधीपासून कधीपर्यंत. तेवढी बघा, माझी हरकत नाही. त्यासाठी पगाराचा आकडा लागत नाही. आणि ९० दिवसांची नोटीस उमेदवारांनी नाही मागून घेतलेली. तीन महिने दिलेत की माणूस तीन महिने इंटरव्ह्यू देणारच.

दोन_शिफ्ट

मी धागाकर्त्याशी असहमत. मी चार ठिकाणं बदलली आणि दर वेळी स्लिपनेच मला वर नेलं. इंटरव्ह्यूत मी फार चमकत नाही, बोलताना अडखळतो. पण स्लिप ठेवली की समोरच्याला कळतं, कुणीतरी याला एवढे देतंय म्हणजे काम येत असणार. ती काढून टाकली तर फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याचा फायदा आणि माझ्यासारख्याचा तोटा. याचा विचार केलाय का कुणी?

निवांत_नाही

नव्हता केला. पण तुमची स्लिप तुम्ही दाखवा की, तुम्हाला कुणी अडवलंय? माझं म्हणणं सक्तीबद्दल आहे.

दोन_शिफ्ट

ज्यांचे आकडे चांगले ते दाखवणार. जो दाखवणार नाही त्याचा आकडा कमी, हे समोरचा न विचारता ओळखणार. मग तुमची ऐच्छिक आणि सक्तीची यात फरक काय राहिला?

फ्रीमाँटवाला

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून मालकाने आधीचा पगार विचारणं बेकायदा आहे. स्वतःहून सांगितला तर चालतो, म्हणजे वरची शंका इथेही लागू होते. उमेदवाराने मागितली तर पदाची पगारश्रेणी मात्र कंपनीला द्यावी लागते.

याच विषयावरची तिथली एक केस वाचण्यासारखी आहे. फ्रेस्नो काउंटीच्या शिक्षण कार्यालयात आयलीन रिझो नावाच्या बाई २००९ मध्ये गणिताच्या सल्लागार म्हणून लागल्या. तिथला नियम असा की आधीचा पगार अधिक पाच टक्के, आणि त्यावरून श्रेणीतली पायरी ठरवायची. नियम सगळ्यांना एकच. २०१२ मध्ये त्यांना कळलं की नव्याने आलेल्या पुरुष सहकाऱ्याला त्यांच्यापेक्षा वरच्या पायरीवर घेतलंय. केस झाली. अपील कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की बाईला कमी पगार का, याचं उत्तर "आधी कमी होता" हे असू शकत नाही. मग सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द करून परत पाठवला. कारण ऐकाल तर हसाल: निकाल लिहिणारे न्यायाधीश तो जाहीर होण्याआधीच वारले होते, आणि मृत माणसाचं मत मोजता येत नाही. २०२० मध्ये अपील कोर्टाने पुन्हा रिझोंच्याच बाजूने निकाल दिला.

तुमच्या ३० टक्क्यांत आणि त्या पाच टक्क्यांत मला काही फरक दिसत नाही.

टीए_मधली

अमेरिकेचे कायदे इथे आणून काय होणार ते सांगते. "करंट" बंद, "एक्स्पेक्टेड" सुरू. आणि एक्स्पेक्टेड आकडा माणूस कुठून आणतो? मागच्या पगारावर तीस टक्के चढवूनच.

घरून_परत

या धाग्यावर माझ्यासारखी कुणी नाही म्हणून लिहिते. मुलांसाठी सहा वर्षं घरी होते, आता परत टेस्टिंगमध्ये शिरायचा प्रयत्न चाललाय. माझा करंट सीटीसी शून्य. फॉर्ममध्ये तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. शून्य टाकलं की पुढे काहीच होत नाही, फोनही येत नाही. सोडतानाचा पगार टाकला तर फोन येतो, पण एचआरच्या बाईसाहेब त्या जुन्या आकड्यावर वाढ मोजून देतात. मधल्या काळात त्या कामाचा बाजारभाव कुठल्या कुठे गेला, त्याचा हिशोबच नाही. वर "मोठ्या मनाने घेतोय" असा सूर.

"आणखी मूलबाळाचा विचार आहे का" हाही प्रश्न झाला. तो विचारणारी बाईच होती. पण तो दुसऱ्या धाग्याचा विषय आहे.

टीए ताई, माझ्यासारखीने त्या रकान्यात नेमकं काय लिहायचं, एवढं सांगा. खरंच विचारतेय.

टीए_मधली

ताई, फॉर्मवर जाऊच नका. ओळखीतून रेफरल घ्या, नाहीतर थेट हायरिंग मॅनेजरला गाठा. रकान्यात अपेक्षित आकडा लिहा आणि रेझ्युमेच्या पहिल्याच ओळीत ब्रेक होता हे स्वच्छ लिहा. फोनवर पहिलं वाक्य "मला या पदाची रेंज सांगा" हेच ठेवा. शून्यावर सॉफ्टवेअर गाळणी लावतं, माणूस नाही. हे मी इथे लिहिलं म्हणून कुणी माझी कंपनी शोधायला जाऊ नका.

चाकणकर

सगळं वाचलं. तुमची भांडणं बरी आहेत हो. आमच्याकडे पगार कुणी विचारतच नाही, कारण तो सगळ्यांना माहीत असतो. डिप्लोमा झालेलं पोरगं कंपनीच्या गेटवर जातं, गेटवाला कॉन्ट्रॅक्टरचा नंबर देतो, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो उद्यापासून ये. इंटरव्ह्यू म्हणजे हातात व्हर्नियर देतात आणि ड्रॉइंग वाचायला लावतात, दहा मिनिटं. खरं सांगू, तुमच्या पाच राउंडपेक्षा ती परीक्षा मला जास्त खरी वाटते. मोजमाप आलं तर आलं, नाही तर नाही.

पुढे दोन-तीन वर्षं काम करून चांगल्या जागी गेलं की तिथे अनुभव कोण मानणार? स्लिप नाही, पीएफ कधी भरला कधी नाही, कंपनीच्या नावाचा कागद तर नाहीच. तुम्हाला स्लिप दाखवायची सक्ती नको, आम्हाला कुणीतरी स्लिप द्यायची सक्ती करा.

दोन_शिफ्ट

चाकणकर, +१. माझ्या पहिल्या दोन वर्षांचा एक कागद नाही आजही.

निवांत_नाही

चाकणकर, अनुभवाचा कागद मिळालाच पाहिजे, त्यात वादच नाही. त्यावर पगाराचा आकडा असलाच पाहिजे असं नाही, एवढंच.

टीए ताई, एक प्रश्न राहिला. जाहिरातीत रेंज का टाकत नाही? सॉफ्टवेअर अडवतं का तिथे?

टीए_मधली

नाही. रकाना आहे, "हाइड" केलेला असतो. टाकली तर बाहेरच्यांचं काही नाही, आतले लोक बघतात. पाच वर्षं इथेच असलेल्याला कळेल की नव्याला त्याच्यापेक्षा जास्त देतोय, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापुढे रांग लागेल.

रावसाहेब_पुणे३०

लागू द्या की रांग.

चाकणकर

चालू द्या तुमचं. भाच्याने डिप्लोमा केलाय, सीएमएमवर (मोजमापाच्या मशीनवर) हात बसलाय, कॉन्ट्रॅक्टरकडे कंटाळलाय. चाकण, तळेगाव, रांजणगाव कुठेही चालेल, फक्त कंपनीच्या रोलवर हवं. कुणाच्या क्वालिटीत जागा असेल तर इथेच सांगा.