मदत हवी आहे: सोमवारी केमो, त्याआधी भावाचं वीर्य गोठवायचं आहे

शाल्मली_प
धाकट्या भावाला (वय २३, अविवाहित) हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) निघाला आहे. सोमवारी एबीव्हीडीचा (चार औषधांच्या केमोचा) पहिला डोस, आज बुधवार. एक केंद्र म्हणतं ५ दिवस वीर्यस्खलन टाळून मग या, दुसरं म्हणतं उद्याच या. महिनाभर त्याला रोज संध्याकाळी ताप येतोय. काउंट (शुक्राणूंची संख्या) कमी आला तर गोठवून उपयोग आहे का? सॅम्पल किती वेळा द्यावं? आणि संमतीपत्रात काय बघायचं?

रेतपेढी
ताई, उद्याच न्या. २ ते ७ दिवसांचा खंड हा तपासणीचे आकडे एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून ठरवलेला आहे. इथे आकडा चांगला दिसण्यापेक्षा नळ्या जास्त भरणं महत्त्वाचं. गुरुवार, शनिवार आणि जमलं तर रविवार सकाळ अशी दोन-तीन सॅम्पल द्या. मध्ये २४ ते ४८ तास पुरतात. रविवारी लॅब सुरू असते का, ते आजच विचारून घ्या.

काउंट कमी येण्याची शक्यता आहेच. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यामुळे महिनाभराचा ताप आत्ताच्या सॅम्पलमध्ये दिसणार. हॉजकिनमध्ये उपचाराआधीही काउंट घसरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यांतले हालचाल करणारे ४२ टक्के अशी आहे. रिपोर्ट त्याखाली आला म्हणून कोणी ‘राहू द्या’ म्हटलं, तर ऐकू नका. इक्सीमध्ये (प्रयोगशाळेतल्या गर्भधारणेच्या एका पद्धतीत) एका स्त्रीबीजाला एकच शुक्राणू टोचतात, म्हणून थोडे जिवंत शुक्राणूही कामाचे.

गोठवताना वीर्य पातळ व्हायला अर्धा तास देतात, मग ग्लिसरॉल असलेलं माध्यम थेंबाथेंबाने मिसळतात. ते घाईने ओतलं तर दाबाच्या फरकाने पेशींना इजा होते. न घालता गोठवलं तर बर्फाचे स्फटिक पेशीचं आवरण फाडतात. मग नळ्या आधी नायट्रोजनच्या वाफेत आणि नंतर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जातात. वितळवल्यावर हालचाल करणारे शुक्राणू निम्म्याच्या आसपास उरतात. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवणं टाळतात, म्हणून सगळं एका मोठ्या नळीत न भरता छोट्या नळ्या करायला सांगा. एक छोटी नळी वितळवून बघितली का, तेही विचारा.

निनाद_क
एबीव्हीडीनंतर बहुतेकांचा काउंट वर्ष-दोन वर्षांत परत येतो ना? आधीच घरात एवढा ताण असताना ही धावपळ हवीच का?

रेतपेढी
हवीच. काउंट परत येतो हे बरोबर, पण आजार उलटला तर पुढची औषधं आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधीचे जबर डोस वृषणातल्या मूळ पेशीच मारतात, आणि तेव्हा गोठवायला काही उरत नाही. पहिल्या डोसनंतर सॅम्पल घेणंही योग्य नाही, कारण त्या शुक्राणूंच्या डीएनएला इजा झालेली असू शकते. सोमवारच्या आतला हा एकच मोकळा रस्ता आहे.

सॅम्पलमध्ये शुक्राणू शून्य आले, तर वृषणातून सुईने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतात का, हे त्याच दिवशी विचारा. रक्तस्राव आणि संसर्गाच्या दृष्टीने रक्ताचे आकडे आधी कर्करोगतज्ज्ञांना दाखवावे लागतात, म्हणून दोन्ही डॉक्टरांचं बोलणं करून द्या.

कलम_बावीस
कागदांचं बघू. केंद्राची नोंदणी २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली झालेली असावी, नोंदणीपत्र मागा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसच्या तपासण्या आजच करून घ्या, त्यावाचून नळ्या वेगळ्या टाकीत ठेवतात किंवा सॅम्पल अडून राहतं.

मृत्यू झाला किंवा निर्णय घेण्याची क्षमता गेली तर नळ्यांचं काय करायचं, हे लेखी घेणं कायद्याने बंधनकारक आहे. अनेक जण तिथे न वाचता सही करतात. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात असंच प्रकरण आलं. केमो चालू असताना गोठवलेलं वीर्य मृत्यूनंतर नष्ट करावं, असं एका अविवाहित तरुणाने संमतीपत्रात लिहिलं होतं. तो गेल्यावर आईने धाव घेतली आणि न्यायालयाने सुनावणी होईपर्यंत नळ्या जपून ठेवायला सांगितलं. तुमच्या भावाने ठरवायचं, तुम्ही नाही. पण तो रकाना त्याने शांतपणे वाचून भरावा.

कायद्यातली १० वर्षांची मर्यादा दात्याच्या बीजपेशी आणि भ्रूणांसाठी आहे. स्वतःसाठी ठेवलेल्या नळ्यांची मुदत, वार्षिक शुल्क आणि ते थकलं तर काय, हे लेखी घ्या. पत्ता, फोन बदलला की केंद्राला कळवा. नूतनीकरणाचं पत्र पोचलं नाही तर पंचाईत होते.

शाल्मली_प
मनापासून आभार. उद्या सकाळी ९ ची वेळ मिळाली. केंद्रात दडपण येईल म्हणतो. घरून आणलं तर? घर अर्ध्या तासावर आहे.

रेतपेढी
चालेल, पण डबी केंद्राचीच निर्जंतुक घ्या. साबण, थुंकी, तेल, वंगण काहीच नको आणि साधा कंडोमही नको, त्यातल्या रसायनांनी शुक्राणू मरतात. सुरुवातीच्या थेंबांतच शुक्राणू जास्त असतात, ते सांडले तर लॅबला सांगा, लपवू नका. डबीवर नाव आणि वेळ लिहून तासाभरात पोचवा. बर्फात ठेवू नका. शर्टाच्या आतल्या खिशात, अंगालगत आणा.