मुलांच्या रहस्यमालिकेतील दडलेली कोडी: मराठीत अक्षरे कशी मोजावीत?

कृष्णाकाठची वाचक (सांगली)

सप्रेम नमस्कार. विश्रामबाग परिसरातील आम्ही काही पालक मिळून मुलांसाठी रविवारचा वाचनगट चालवतो. लेमनी स्निकेट या टोपणनावाने डॅनिअल हँडलर यांनी लिहिलेली 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स' ही १९९९ ते २००६ या काळात आलेली तेरा पुस्तकांची इंग्रजी मालिका सध्या गटातील मोठी मुले वाचत आहेत, आणि कथेपेक्षाही तिच्यात दडवलेल्या कोड्यांनी त्यांना अधिक वेड लावले आहे. पहिल्याच पुस्तकातील नाटककार 'अल फनकूट' याच्या नावाची इंग्रजी अक्षरे उलटसुलट केली की खलनायक 'काउंट ओलाफ' हे नाव तयार होते, हे एका मुलीने शोधून काढल्यापासून प्रत्येक पात्राचे नाव वहीत सुटे करून तपासले जात आहे.

आता मुलांना दिवाळीच्या हस्तलिखितासाठी याच धर्तीवर एक मराठी रहस्यकथा लिहायची आहे, आणि तिथेच वाद उभा राहिला आहे. 'कराड' या नावातला काना 'र' वरून काढून 'ड' ला दिला की 'करडा' हा शब्द मिळतो. अर्ध्या गटाच्या मते हा रीतसर अ‍ॅनाग्राम, म्हणजे तीच अक्षरे उलटसुलट करून घडवलेला दुसरा शब्द, आहे, तर उरलेल्या गटाच्या मते काना अक्षरापासून वेगळा काढणे ही सरळसरळ लबाडी आहे. इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, परंतु मराठीत कोड्याचा एक तुकडा म्हणजे नेमके काय धरावे? दुसरे असे की, मुलांना आता जिथे तिथे गुप्त संदेश दिसू लागले आहेत. लेखकाने मुद्दाम पेरलेले कोडे आणि योगायोगाने जुळलेली अक्षरे यांतला फरक त्यांना कसा समजावून द्यावा?

अजिंक्यतारा (सातारा)

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे रोजच्या वर्तमानपत्रात छापून येते. मराठी शब्दकोड्याच्या एका चौकोनात काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार यांसह एक संपूर्ण अक्षर लिहिले जाते, जोडाक्षरही एकाच चौकोनात बसते, आणि आडवा व उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे नुसते व्यंजन जुळून भागत नाही, वेलांटीही जुळावी लागते. भेंड्यांमध्ये आपण शेवटच्या अक्षराची मात्रा सोडून देतो हे खरे, पण तिथे गाणे पुढे चालू राहणे महत्त्वाचे असते. कोड्यात अचूकपणा महत्त्वाचा असल्याने मी शब्दकोड्याचा नियम मानतो. त्यामुळे 'राधा' आणि 'धारा' ही जोडी बिनतोड, 'राजन' आणि 'नजरा' हीसुद्धा ग्राह्य, पण 'कराड' आणि 'करडा' ही मी नाकारीन.

रहस्यकथेसाठी मला सर्वांत आवडलेली जोडी 'सदानंद' आणि 'नंददास' ही आहे. स, दा, नं, द ही चारच अक्षरे आहेत, दोन्ही नावे खरोखरीची वाटतात, आणि गावातून नाहीसा झालेला सदानंद दुसऱ्या गावात नंददास म्हणून कीर्तन करताना सापडतो, अशी कथा मुले सहज रचू शकतील. याउलट 'विनायक' या नावातील अक्षरे हलवावीही लागत नाहीत, कारण दारावरच्या पाटीवर ते 'वि. नायक' असे लिहिले की काम झाले.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. अक्षरांची अदलाबदल करून देणारी संकेतस्थळे मराठीसाठी वापरू नयेत, कारण त्यांतली पुष्कळशी काना आणि अनुस्वार स्वतंत्र चिन्हे धरतात. संगणकाच्या लेखी 'सदानंद' म्हणजे चार अक्षरे नसून स, द, काना, न, अनुस्वार आणि द अशी सहा चिन्हे असतात, आणि ती ढवळली की एखादा अनुस्वार कशाच्याही डोक्यावर न बसता हवेत लटकलेला दिसतो. पुठ्ठ्याचे चौकोन कापून त्यांवर अक्षरे लिहावीत, हे उत्तम.

वर्णपक्ष (कराड)

माझ्या गावाच्या नावावरूनच वाद सुरू झाल्याने मला दुसरी बाजू मांडणे भाग आहे. अक्षर हाच तुकडा धरला तर कोडी फार सोपी होतात, हा माझा मुख्य आक्षेप आहे. 'काउंट ओलाफ' या नावात इंग्रजीची नऊ अक्षरे आहेत आणि त्यांपैकी एकच अक्षर दोनदा येते. म्हणजे त्यांच्या १,८१,४४० वेगवेगळ्या रचना होऊ शकतात, आणि म्हणूनच ते नाव वाचकांच्या डोळ्यांसमोर असूनही लपून राहते. 'सदानंद' या चार अक्षरांच्या मात्र अवघ्या २४ रचना होतात, ज्या आपल्या गटातील मूल चहा निवायच्या आत कागदावर लिहून काढील. स्वर आणि व्यंजने वेगळी धरली, तर कोडे रचणाऱ्याला आणि सोडवणाऱ्याला दोघांनाही खरी जागा मिळते.

अर्थात या पद्धतीतही एक पेच आहे, तो लपवत नाही. 'विटा' या आपल्याच जिल्ह्याशेजारच्या गावाचे स्वर बदलले तर 'वाटि' मिळते, पण शब्द 'वाटी' असा दीर्घ वेलांटीने लिहितात. ऱ्हस्व आणि दीर्घ सारखेच धरायचे की नाही, हे आधी ठरवून हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर नियम म्हणून छापावे. नियम वाचकाला आधी सांगितलेला असला की लबाडीचा आरोप उरत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

२४ रचनांचा हिशेब मान्य आहे, पण त्यावर उपाय काना तोडणे हा नाही. आडनाव जोडणे हा आहे. नाव आणि आडनाव मिळून आठ वेगवेगळी अक्षरे झाली की रचनांची संख्या ४०,३२० होते, आणि तेवढ्या लिहून काढण्याचा धीर कोणत्याही मुलाला नसतो.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल सज्जनगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने समर्थांचा दाखला दिला नाही तर नवल. रामदासांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका ओवीबद्ध रचनेत चरणांची पहिली अक्षरे क्रमाने वाचली की 'विजापूरचा सरदार निघाला आहे' असा निरोप उमटतो, आणि अफजलखानाच्या स्वारीची सूचना म्हणून ती पाठवली गेली असे परंपरा मानते. तिथे 'चा', 'दा', 'घा', 'ला' ही अक्षरे कान्यासकट मोजलेली आहेत, म्हणजे तुकडा अक्षराचाच आहे. परंतु 'विजापूर' मधल्या दीर्घ 'पू' साठी 'पुढील' या शब्दातला ऱ्हस्व 'पु' चालवून घेतला आहे. तेव्हा अक्षर अखंड ठेवावे आणि ऱ्हस्व-दीर्घात सवलत द्यावी, असा मधला मार्ग मला रास्त वाटतो.

जुना वाचक (मिरज)

नियमांची चर्चा योग्य दिशेने चालली आहे, म्हणून मी आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पेरलेले कोडे ओळखण्यासाठी या मालिकेचे जाणते वाचक साधारणपणे दोन गोष्टी पाहतात: सगळी अक्षरे वापरली गेली आहेत का, आणि निघालेल्या उत्तराला कथेत दुसरीकडून आधार मिळतो का. आठव्या पुस्तकात रुग्णालयातील रुग्णांच्या यादीत मालिकेची नायिका व्हायोलेट बॉदलेअर हिचे नाव 'लॉरा व्ही. ब्लीडिओटी' या रूपात दडवलेले आहे. त्यात सोळाच्या सोळा इंग्रजी अक्षरे जुळतात, एकही उरत नाही, आणि शिवाय कथेतली मुले स्वतःच डबाबंद सूपमधल्या अक्षरांच्या आकाराच्या शेवया मांडून ते नाव सोडवतात. इथे शंकेला जागाच नाही.

आता मुलांना जरा अवघड उदाहरण द्यावे. दुसऱ्या पुस्तकातील डॉक्टर 'ओ. ल्युकाफॉन्ट' आणि चौथ्या पुस्तकातील मुकादम 'फ्लाकुटोनो' या दोघांची नावेही 'काउंट ओलाफ' याच नऊ अक्षरांची बनलेली आहेत, म्हणून घाईने वाचणारा 'हाच ओलाफ' असे म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्या दोन्ही वेशांत ओलाफचे साथीदार असतात, आणि ओलाफ स्वतः त्याच पुस्तकांत निराळ्या नावाने वावरत असतो. अक्षरे अचूक जुळली, पण ती नाव घेणाऱ्याकडे बोट न दाखवता त्याच्या धन्याकडे बोट दाखवत होती. अ‍ॅनाग्राम सुटणे आणि रहस्य उलगडणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे मुलांना यातून जितके चांगले कळेल, तितके कोणत्याही व्याख्यानातून कळणार नाही.

समर्थांच्या रचनेलाही हीच कसोटी लावता येते. आद्याक्षरांतून वाक्य निघते, हे कोणालाही स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येते. परंतु समर्थ आणि शिवराय यांच्यातील संबंधांविषयी इतिहासकारांत मतभेद असल्याने ती रचना त्या प्रसंगी खरोखर पाठवली गेली का, हा प्रश्न नुसत्या अक्षरांवरून सुटत नाही.

कृष्णाकाठची वाचक (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ल्युकाफॉन्टचे उदाहरण या रविवारी फळ्यावर मांडणार आहे. मधला मार्ग गटाला पटेल असे वाटते, मात्र वर्णपक्षाची मुले 'करडा' सहजासहजी सोडणार नाहीत. चरणांच्या पहिल्या अक्षरांचा प्रकार अ‍ॅनाग्रामपेक्षा लहान मुलांना झेपेल का?

जुना वाचक (मिरज)

नक्कीच झेपेल, आणि मूळ मालिकेतही तो आहे. सातव्या पुस्तकात कावळ्यांच्या पायाला बांधून आलेल्या द्विपदींच्या आठ ओळींची पहिली अक्षरे मिळून इंग्रजीतला कारंजे हा शब्द होतो, आणि पळवलेली भावंडे कारंज्यातच कोंडलेली असतात. मराठीत याची एकच अडचण अशी की, ज्या अक्षराने शब्द सुरू होत नाही ते अक्षर उत्तरात येता कामा नये. 'ण' आणि 'ळ' यांनी आपल्याकडे शब्दाची सुरुवात होत नाही, त्यामुळे 'पाटण', 'फलटण' किंवा 'वाळवा' ही ठिकाणे बाद होतात. 'कृष्णा' मधल्या 'ष्णा' पाशीही मुले अडतील. 'हरिपूर' मात्र सोयीचे आहे, आणि कृष्णा-वारणेचा संगम तिथेच असल्याने खजिना पुरायलाही जागा चांगली आहे. नमुन्यादाखल चार ओळी जुळवल्या आहेत:

हलके पाऊल टाक, कुणी ऐकेल,
रिकाम्या नावेपाशी थांब जरा,
पूर ओसरल्यावर जी वाट दिसेल,
रस्ता आपल्या खजिन्याचा तोच खरा.

ओळींचा अर्थ आणि उत्तर यांचा थोडा तरी संबंध असावा, म्हणून नाव आणि पूर मुद्दाम आणले आहेत. आधार मिळण्याची जी कसोटी वर सांगितली, ती रचणाऱ्यानेही पाळली पाहिजे.

वर्णपक्ष (कराड)

ओळी चांगल्या आहेत, पण पहिली अक्षरे एकाखाली एक इतकी स्वच्छ उभी राहतात की हुशार मुलाला ती लगेच दिसतील. हाच मजकूर कथेत एखाद्या पात्राच्या तोंडी सलग गद्यासारखा छापावा, म्हणजे ओळी कुठे तोडायच्या हे आधी शोधावे लागेल. मोठ्या मुलांसाठी याच मालिकेतील शब्द मोजण्याची पद्धतही घेण्यासारखी आहे: घंटा वाजल्यानंतरचा पहिला शब्द आणि त्यापुढे प्रत्येक अकरावा शब्द घेत गेले की पुन्हा घंटा वाजेपर्यंत निरोप तयार होतो. तिथे तुकडा म्हणजे पूर्ण शब्द असल्याने काना तोडण्याचा वादच येत नाही; फक्त 'घरासमोर' हा एक शब्द धरायचा की दोन, एवढे हस्तलिखिताच्या नियमांत लिहून ठेवावे.