कुत्रा सारखा पाय चाटतोय, रात्री झोपत नाही. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी काही करता येईल का?

पूर्वभागातली_सून | १८ डिसेंबर, रात्री १०.५०

आमचा धोट्या सहा वर्षांचा आहे. गावठीच, पांढरा, एक कान तपकिरी. मागावरचा धोटा जसा इकडून तिकडं पळतो तसा लहानपणी अंगणात पळायचा, म्हणून मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे नाव ठेवलं. सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला आमचं घर आहे.

दिवाळीनंतर तो पुढचा डावा पाय चाटायला लागला. आधी वाटलं काटा रुतला असेल. बॅटरी लावून बोटांच्या मधे बघितलं, काही नव्हतं. आता मनगटाजवळ रुपयाएवढी जागा उघडी पडलीय आणि आजूबाजूचे पांढरे केस लाळेनं तांबूस झालेत. हाक मारली की थांबतो, माझ्याकडं बघतो, आणि मी वळले की परत सुरू. रात्री दोन-अडीचला उठतो आणि जिन्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारतो. फरशीवर नखांची टकटक चालूच असते. भाकरी-ताक पुढं ठेवलं तर अर्धं खातो. दिवसभर जांभया देतो, घरातले म्हणतात झोप झाली नाही त्याची, दुसरं काय. पण भूक नसताना ओठ चाटणं, कुणी जवळ बसलं की तोंड फिरवून नुसता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं, हे काय झोपेचं लक्षण आहे का?

रिक्षाचा हॉर्न वाजला तरी आता दचकतो. आधी असा अजिबात नव्हता ओ. मला वाटतं यंदाच्या दिवाळीत फटाक्यांची भीती बसली. आता संक्रांतीला गड्डा. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूचा आवाज आमच्या गच्चीवर स्पष्ट येतो. शेजारच्या काकांनी सांगितलंय की त्या रात्री माणसाची झोपेची गोळी अर्धी करून द्या. देऊ का? त्याचे हाल बघवत नाहीत म्हणून विचारायलेय.

---

जुळे_सोलापूर_लॅबवाला | १८ डिसेंबर, रात्री ११.२०

ताई, गोळी देऊ नका. झोपेची नको, आणि पाय दुखत असेल म्हणून अंगदुखीची तर अजिबात नको. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनीवर येतं. डॉक्टरांना दाखवा.

माझा अनुभव सांगतो. आमच्या लॅबनं (लॅब्रॅडॉर) दोन वर्षांपूर्वी अचानक सोफा फाडला, दाराची चौकट कुरतडली. मी त्याला मारलं. पेपरची गुंडाळी करून मारलं, कोंडून ठेवलं. तो आणखीनच बिघडला, मी दिसलो की टेबलाखाली जाऊन मुतायचा. नंतर लक्षात आलं की मुलगा पुण्याला शिकायला गेला त्याच आठवड्यात हे सुरू झालं होतं. रोज संध्याकाळी मुलगाच त्याला फिरवायचा. मी ऑफिसातून यायचो आठला, दोघं डबा खाऊन झोपायचो. त्याला दिवसभर घरात कुणीच नव्हतं. ते मारलेलं मला अजून टोचतं.

---

कंबर_तलाव | १९ डिसेंबर, सकाळी ७.०५

घरात उंदीर पळवायचं प्लगला लावायचं यंत्र आहे का बघा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. आपल्याला शांत वाटणारं ते यंत्र त्याच्या कानात ओरडत असू शकतं. आमची पामेरियन स्वयंपाकघरात यायचीच बंद झाली होती. काढलं, दोन दिवसांत आली.

---

निवृत्त_पशुधन | १९ डिसेंबर, सकाळी ९.३०

मी ३१ वर्षं पशुवैद्यकीय दवाखान्यात काम केलं. डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक होतो. त्यामुळं औषध सांगणार नाही, काय बघायचं ते सांगतो.

सून बाई, तुम्ही लिहिलेली लक्षणं नीट लिहिलीत. विनाकारण जांभई, ओठ चाटणं, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, हे कुत्र्याचं 'मला त्रास होतोय' म्हणायचं पहिलं बोलणं. गुरगुरणं आणि चावणं फार नंतर येतं. लोक पहिलं ऐकत नाहीत म्हणून शेवटचं ऐकावं लागतं.

पण ताण म्हणायच्या आधी दुखणं आहे का ते तपासा. वागणं अचानक बदललं की मी नेहमी हेच सांगत आलो. दात, कान, कंबर, सांधे. गोचिडी झाल्या होत्या का? आपल्याकडं गोचीड तापानं कुत्री मलूल पडतात, खाणं सोडतात, आणि वरून काही दिसत नाही. रक्त तपासून घ्या. ताप पायाला हात लावून कळत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला ते गरमच लागणार. गाढ झोपलेला असताना पोटाची हालचाल एक मिनिट मोजा. ३० च्या वर वारंवार भरत असेल तर डॉक्टरांना तो आकडा सांगा. पायाची जखमही दाखवाच. ताणानं चाटायला सुरुवात होते, मग ओल्या कातडीत जंतू होतात, ते खाजतं म्हणून आणखी चाटतो. तिथून पुढं मूळ कारण गेलं तरी चाटणं जात नाही.

आता एक प्रश्न विचारतो. सहा वर्षं जो फटाक्याला घाबरला नाही तो सातव्या दिवाळीत का घाबरला? यंदा घरात काय बदललं? माणूस गेलं, आलं, जागा बदलली, कामाची वेळ बदलली, काहीही. तुम्हाला क्षुल्लक वाटलं तरी लिहा.

आणि ते चटणी-भाकरीतलं देत असाल तर बंद करा. शेंगाचटणीत लसूण असतो. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

---

पूर्वभागातली_सून | १९ डिसेंबर, दुपारी ३.१५

काका, तुमचा प्रश्न वाचला आणि मी हातातलं काम ठेवून बसले.

आमचे माग विकले. दसऱ्यानंतर. घराच्या खालीच शेड होती, चार माग, टॉवेलचे. मामांनी चाळीस वर्षं चालवले. सूत परवडेना, कामगार मिळेनात, मुलं नोकरीला लागली. भंगारवाल्यानं कटरनं तोडून टेम्पोत भरून नेले. त्या दिवशी धोट्या गच्चीवर बांधलेला होता, पायात येईल म्हणून. संध्याकाळी सोडला तेव्हा तो थेट खाली गेला आणि रिकाम्या शेडमधे प्रत्येक मागाच्या जागी जाऊन वास घेऊन आला. तेलाचे काळे डाग होते तेवढेच. मला तेव्हा कौतुक वाटलं, मी फोटो काढला.

तो जन्मला तेव्हापासून सकाळी आठला माग सुरू, रात्री आठला बंद. कांडीवाल्या (सुताच्या कांड्या भरणाऱ्या) मावशी दुपारी डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यासाठी बाजूला काढायच्या (चटणी लावूनच, काका. आता कळलं). जॉबर (माग दुरुस्त करणारे) आले की हा त्यांच्या पिशवीत तोंड घालायचा. मामा चहाला निघाले की पुढं पुढं कोपऱ्यावरच्या हॉटेलपर्यंत. आता शेडला शटर ओढलंय. हा रोज संध्याकाळी शटरच्या खालच्या फटीला नाक लावून बसतो. आम्ही म्हणायचो, उंदीर असेल आत.

उंदराचं यंत्र आमच्यात नाही.

---

बाळीवेसकर | १९ डिसेंबर, सायंकाळी ६.४०

राग मानू नका ताई, पण मागाच्या खडखडाटात आपल्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तो आवाज गेला तर कुत्र्याला बरंच वाटायला पाहिजे की. आमच्या गल्लीत माग बंद झाले तेव्हा आम्ही सुटलो म्हणालो.

---

निवृत्त_पशुधन | १९ डिसेंबर, रात्री ८.१०

बाळीवेसकर, तुमचं म्हणणं माणसाच्या बाजूनं बरोबर आहे. पण हा पिल्लू असल्यापासून त्यात वाढला. एका लयीत चालणारा आवाज त्याच्यासाठी भिंतीसारखा होता. त्याच्या आड हॉर्न, फटाके, गल्लीतली भांडणं सगळं बुडून जायचं. भिंत पडली आणि आता प्रत्येक आवाज वेगळा, अचानक येतो. यंदा तो फटाक्याला घाबरला त्याचं कारण हे असावं असं मला वाटतं.

आणि नुसता आवाज नाही. कुत्र्याच्या हातात घड्याळ नसतं, त्याचं घड्याळ म्हणजे आपण. आठला कोण येणार, दुपारी कुणाचा डबा उघडणार, हे ठरलेलं असलं की तो निवांत असतो. यांच्याकडं एका दिवसात पाच-सहा माणसं, कामं, वेळा सगळंच गेलं. आपण घर बदलतो तेव्हा कुत्रं बिघडतं हे लोकांना पटतं. इथं घर तेच राहिलं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

सून बाई, एक नाजूक गोष्ट विचारतो. मामा कसे आहेत? २०१९ साली स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल मोजलं होतं. ते शरीरातलं ताणाचं संप्रेरक, केसांत महिनोन्‌महिने साठतं. ज्या घरात मालकिणीचं जास्त, तिथं कुत्र्याचंही जास्त निघालं. ती कुत्री शेटलँड शीपडॉग आणि बॉर्डर कॉली होती, गावठी नव्हती. पण आयुष्यभर दवाखान्यात मी जे पाहिलं ते याहून वेगळं नाही.

करायचं काय ते सांगतो. फिरायला जायची वेळ बांधा आणि ती पाळा, शक्यतो मामांबरोबर. खाणं ठरलेल्या वेळी. चाटताना ओरडू नका, हातातलं काहीतरी काम द्या, जुन्या टॉवेलच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून शोधायला लावा. वास घेण्यात कुत्रं शांत होतं. कुठं चालू मागाचा आवाज रेकॉर्ड करता आला तर हळू आवाजात लावून बघा, आणि तेव्हाच आवडीचं खायला द्या. कान ताठ करून उठला तर आवाज कमी करा. गड्ड्याच्या रात्री आतली खोली, खिडकी बंद, पंखा चालू, तुम्ही जवळ. जवळ घेतल्यानं भीती लाडावते म्हणतात ते खरं नाही. त्याला लपायचं असेल तर ओढून बाहेर काढू नका. डॉक्टरांना आधीच सांगा, भीती कमी करणारी औषधं आहेत, ती ते वजन बघून देतील. एसप्रोमॅझिनसारखं नुसतं सुस्त पाडणारं औषध दिलं तर अंग हलत नाही आणि आतली भीती तशीच राहते, हेही त्यांच्याशी बोला.

---

पूर्वभागातली_सून | १९ डिसेंबर, रात्री ९.००

मामा बोलत नाहीत, काका. जेवतात, पेपर वाचतात, आणि आठ वाजता शर्ट घालून खुर्चीत बसतात. कुठं जायचं नसतं.

---

पूर्वभागातली_सून | १९ जानेवारी, सकाळी ११.३०

उशीर झाला, सांगायचं राहिलं होतं.

रक्त तपासलं, गोचीड ताप नाही. दात, कान ठीक. पायाला जंतुसंसर्ग होता, औषध दिलं आणि गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. भोंगा दाराला अडकायचा, पहिले दोन दिवस तो जागेवर उभा राहून रडला. मग मी त्याची वाटी विटेवर ठेवली, तेव्हा खाल्लं. जखमेवर आता बारीक केस आलेत.

मामांना मी सरळच सांगितलं की डॉक्टरांनी धोट्याला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा फिरवायला लावलंय. डॉक्टरांनी नाही, तुम्ही लावलंय, पण तुमचं नाव सांगितलं असतं तर ते उठले नसते. पहिल्या दिवशी कुरकुरत गेले. आता संध्याकाळी कांडीवाल्या मावशी जिथं कामाला लागल्यात त्या शेडपर्यंत जातात. मावशी बाहेर येतात, हा त्यांच्या पायांत शिरतो. बिनचटणीची भाकरी मिळते. परवा पाणी रात्री एकला आलं, मोटर लावायला सगळे उठलो, तर धोट्या झोपलेलाच होता. कितीतरी दिवसांनी.

आवाजाचं सांगते. मावशींच्याच शेडमधून मी मोबाईलवर रेकॉर्डिंग आणलं, घरातल्या छोट्या स्पीकरवर लावलं. धोट्यानं मान वर केली, एक कान पुढं, एक मागं. जिन्यापर्यंत गेला, खाली बघितलं, परत आला आणि स्पीकरसमोर पाय पसरून पडला. तेवढ्यात मामा आतल्या खोलीतून बाहेर आले. उभे राहून ऐकत राहिले. म्हणाले, "तिसऱ्या मागाचा पट्टा ढिला आहे." आणि तिथंच त्याच्या शेजारी खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी खाली बसत नाहीत.

दारूकामाच्या रात्री डॉक्टरांनी दिलेली गोळी दोन तास आधी दिली, आवाज लावला, मामांच्या खोलीत ठेवला. पहिल्या मोठ्या बारानंतर थरथरला आणि पलंगाखाली गेला. नंतर टॉवेलमधली भाकरी शोधून खाल्ली. पूर्ण शांत नव्हता, पण दारावर नखं मारली नाहीत.

एकच अडचण आहे. रेकॉर्डिंग ४० मिनिटांचं. संपलं की शांत होतं आणि तो लगेच डोकं उचलतो. ते थांबू नये म्हणून काय करायचं?

---

जुळे_सोलापूर_लॅबवाला | १९ जानेवारी, दुपारी १२.१०

प्लेअरमध्ये गोल बाणाचं चिन्ह आहे बघा, ते दाबलं की तेच परत परत वाजतं. मधे सेकंदभर गॅप येईल तेवढी.

---

पूर्वभागातली_सून | १९ जानेवारी, दुपारी १.४५

जमलं. पण त्या सेकंदाच्या गॅपलाही कान हलतो त्याचा. मामा म्हणाले मोबाईल दे, मीच शेडमधे जाऊन दोन तासांचं करून आणतो, आणि तो पट्टाही आधी घट्ट करायला सांगतो. दोघं आत्ताच गेलेत.